ठकीच्या घराचं अंदाजपत्रक

४ फेब्रुवारी

ठकीचा फोन आला. घर बांधणार म्हणे. तिकडेच, परदेशात.

मी आधी सगळं ऐकून घेतलं. शहराबाहेर एक प्लॉट पाहिलाय, जरा उतारावर आहे, मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. तिथला बिल्डर एक आकडा सांगतोय, पण त्या आकड्यावर जावयांचा विश्वास नाही आणि आमच्या कन्येचा तर कुणावरच नाही. "बाबा, एस्टिमेट तुम्ही करून द्या. तुमचा आकडा आला की ठरवू. आमच्या पैशात बसलं तर प्लॉट घ्यायचा, नाही तर सोडून द्यायचा." मी म्हटलं, मला तिथले दर काय ठाऊक? तर म्हणाली, "दर मी पाठवते, अक्कल तुमची वापरा." शेवटी मुलगी माझीच.

बांधकाम खात्यात मी जन्मभर एकच काम केलं. बांधायच्या आधी खर्च किती येईल ते सांगायचं. शाळा, पूल, दवाखाने, गोदामं. काम संपल्यावर खरा खर्च माझ्या आकड्याच्या आसपासच यायचा, म्हणून साहेब लोक माझ्या कागदावर डोळे झाकून सही करायचे. निवृत्त झाल्यापासून कुणी विचारत नाही. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीचा अंदाज मी न विचारताच काढून दिला, तर त्यांनी भिंतीचा बेतच रद्द केला. तेव्हा आज फोन ठेवल्यावर मी खूश असायला हवं होतं.

पण तो 'घर' शब्द काही पचला नाही. जाताना ती म्हणाली होती, पाच वर्षं बाबा, फार तर सहा. हे आठवं चाललंय. भाड्याची जागा काय, नोटीस दिली की सुटते. पण स्वतःच्या पैशाने पाया खणलेला माणूस परत येत नाही. हे मला कुणी सांगायला नको, पाये मी खूप पाहिलेत. ती बोलत होती तेव्हा यातलं अक्षरही बोललो नाही. म्हणालो, नकाशा पाठव.

बायकोला सांगायला गेलो तर ही म्हणाली, "मला माहीत आहे." या घरातली बातमी मला नेहमी सगळ्यांच्या शेवटी कळते.

६ फेब्रुवारी

नकाशे आले. कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणले आणि जेवायच्या टेबलावर पसरले. चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. हिने मुकाट्याने भाजी चिरायला ओट्याकडे मुक्काम हलवला. साखरेचा डबा तेवढा परत नेला.

माझी पद्धत जुनी आहे. नकाशा हातात आला की लगेच आकडेमोड करायची नाही. आधी त्या घरात राहून यायचं. रस्त्यावरून आत शिरायचं, कुलूप उघडायचं, चपला काढायच्या, दिवा लावायचा, हात धुवायचे, स्वयंपाकघरात डोकवायचं, झोपायला वर जायचं. वाटेत ज्याला हात लागेल ते लिहून काढायचं. म्हणजे कडी, बटण, नळ, कठडा, काही सुटत नाही. खात्यातली तरणी पोरं हसायची. त्यांच्या अंदाजात मात्र हमखास दरवाजे असायचे आणि कड्या नसायच्या.

दुपारभर ठकीच्या घरात हिंडलो. नकाशा काढणाऱ्याला अक्कल बेताचीच. वरच्या मजल्यावर नवरा-बायकोच्या खोलीला लागून एक छोटी खोली आहे, तिच्यावर लिहिलंय 'साठवण', आणि तिला दक्षिणेकडे ही भली थोरली खिडकी! अडगळीला ऊन खायला बसवायचंय की काय? जिन्याला खाली एक आणि वर एक असं कमरेएवढं फाटक दाखवलंय. कुत्रं पाळायचा विचार दिसतो. ठकीला लहानपणापासून कुत्र्याची हौस, आम्ही पाळू दिलं नाही. आता स्वतःच्या घरात पाळा म्हणावं, चार पाळा.

हिला खिडकी दाखवली. ही कागदावर वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे की." बांधकामातलं हिला काडीचं कळत नाही.

९ फेब्रुवारी

दरांची यादी आली, सोबत जमिनीच्या तपासणीचा अहवाल आणि बँकेची पत्रं. गवंड्याचा तासाचा दर वाचला आणि चष्मा पुसून परत वाचला. तोच होता. त्या पैशात आमच्याकडे गवंडी, बिगारी आणि त्यांचा मुकादम आठवडाभर राबतील.

मी आपला माझ्या सवयीने सुचवायला गेलो. म्हटलं, ठकी, तयार फळ्या कशाला आणता, साधं लाकूड आणून सुताराकडून रंधून घ्या, स्वस्त पडेल. भिंतीला ते पुठ्ठ्यासारखे तक्ते नकोत, चांगला दोन हातांचा गिलावा करून घ्या. ती इतकी हसली की फोन जावयांना द्यावा लागला. तिकडे वस्तू स्वस्त आणि माणूस महाग. सुतार एक दिवस जास्त राहिला तर त्या पैशात अख्खं दार येतं. रंगारी म्हणे स्वतःच्या गाडीतून येतो आणि रंगाचा डबा तुम्ही उचलून आणलात तर त्याचे पैसे कमी करतो. मी आयुष्यभर एक एक पोतं सिमेंट वाचवत आलो, माणसांचा हिशेब सर्वांत शेवटी लावायचा. इथे सगळं उलटं. पण चूक कळल्यावर मजा आली, खोटं कशाला बोलू. या वयात नवं शिकायला मिळालं.

हसता हसता ठकीला उमासा आल्यासारखं झालं. कॉफीच्या वासाने होतं म्हणाली, शेजारीण करत होती. एरवी दिवसाला चार कप रिचवणारी पोर. तिकडचं पाणी मानवत नसणार, मी पहिल्यापासून म्हणतोय.

आणखी एक नवल. आज हिने आपण होऊन प्रश्न विचारला. "तिकडे थंडीत जमीन किती गार पडते हो? म्हणजे कुणी जमिनीवरच बसलं, रांगलं, तर?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या विषयात हिने रस दाखवल्याचं मला आठवत नाही. मी फरशी, लाकूड आणि फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवायची पद्धत, तिन्ही समजावून सांगितलं. हिने नळ्या पसंत केल्या. रांगायचं कुणी तेवढं विचारायचं राहून गेलं.

११ फेब्रुवारी

बेरीज झाली. बसतंय.

नुसतं बसत नाही, थोडे पैसे उरतात. अडीअडचणीसाठी धरायची नेहमीची रक्कम धरूनसुद्धा उरतात. बिल्डरचा आकडाही फारसा खोटा नव्हता, बिचारा. इतका स्वच्छ अंदाज माझ्या हातून गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. कागद सरळ केले, पेनाला टोपण लावलं आणि मला एकदम कसंसंच झालं. जेवलो नाही. हिने विचारलं तर म्हणालो, अजून पक्कं नाही, उद्या परत तपासणार आहे.

ठकी येणार नाही. लिहूनच टाकतो, इथे कोण वाचणार आहे. हा कागद पाठवला की ती येणार नाही. सुट्टीत येईल, पाहुण्यासारखी, परतीचं तिकीट पर्समध्ये घालून.

१२ फेब्रुवारी

फेरतपासणी केली ते बरंच झालं. काल घाई झाली होती.

पहिली गोष्ट खोदाईची. अहवालात मुरूम लिहिलाय, म्हणजे सहज खणली जाणारी जमीन. पण अहवाल म्हणजे काय, चार ठिकाणी भोकं पाडून बघायचं. पाचव्या ठिकाणी काय निघेल देव जाणे. उताराची जमीन आहे. खडक लागला तर? पोटची पोर ऐन बांधकामात अडकायला नको. कठीण खडकाचा दर धरला, पूर्ण पायाला. मग खडक म्हटल्यावर तो फोडायला यंत्र आलं, यंत्र म्हटल्यावर ते चढवायला रस्ता आला.

दुसरं म्हणजे हवा. तिकडे थंडीत कामं बंद पडतात, आणि बंद असली तरी माणसांचे पैसे चालूच. काही आठवडे जास्त धरले. लाकडाचे भाव चढतील असं वाटतं, ते चढवून घेतले. अडचणींसाठीची रक्कम मी नेहमी जेवढी धरतो त्याच्या चौपट केली. परका देश आहे, अडचणी पण परक्याच येणार.

फक्त वाढवतच गेलो असं मात्र कुणी म्हणायला नको. जिथे काटकसर शक्य होती तिथे केली. जिन्याची दोन्ही फाटकं काढली, कुत्र्याला आवाज दिला की थांबतं. ती साठवणीची खोली सबंध उडवली, खिडकीसकट. अडगळ जिन्याखाली मावते.

१३ फेब्रुवारी

पाठवलं. आकडा आता त्यांच्या आवाक्याच्या चांगलाच बाहेर आहे. मी तरी काय करणार, आकडे आकड्यांच्या जागी. दुपारी छान झोप लागली.

१६ फेब्रुवारी

ठकीचा फोन. आवाज बारीक होता.

"बाबा, खडक आहे का तिथे?"

"असू शकतो."

"नक्की?"

मी जरा चिडलोच. म्हटलं, जन्म गेला माझा यात. ती म्हणाली, "हो, ते आहेच." मग म्हणाली, "ती छोटी खोली काढलीत तुम्ही." मी म्हटलं, तिचा उपयोग काय? ती म्हणाली, आईला द्या. ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. हिला बाहेर यायला बराच वेळ लागला. नाक लाल होतं. सर्दी आहे म्हणाली.

ठकीला वाईट वाटलं म्हणून मलाही वाटलं. बापच आहे मी. पण काही गोष्टी वेळेवर कळलेल्या बऱ्या. जेवणानंतर तिची खोली उघडली. पंखा करकरतो, वायरमनला बोलावून तेल घालून घेतलं. कपाटातल्या माझ्या जुन्या फायली माळ्यावर टाकल्या. खिडकीची जाळी फाटलीय, उद्या माप देऊन येतो. दोघं आली तर जावयांना लिहा-वाचायला बाहेरची खोली आहे. त्यांच्या कामाला इथेही मागणी आहे, पेपरात जाहिराती असतात. दोन कापून ठेवल्या.

१९ फेब्रुवारी

वाढीवशेठ येऊन गेले.

हे गृहस्थ कंत्राटदार. खऱ्या नावाने त्यांना त्यांची बायकोसुद्धा हाक मारत नसेल. प्रत्येक बिलात ठरल्या कामावर 'वाढीव काम' म्हणून काही ना काही घुसडायचे, म्हणून खात्यात हे नाव पडलं आणि त्यांनीही ते आनंदाने वापरलं. मी लाल पेनाने त्यांची बिलं कापायची आणि त्यांनी ती पुढच्या खेपेला परत फुगवून आणायची, यात आमच्या दोघांच्या नोकऱ्या आणि धंदे पार पडले. आता तेही मोकळे, मीही मोकळा. महिन्यातून एकदा येतात, बुद्धिबळात माझ्याकडून हरतात आणि तिथेही एखादं प्यादं जास्तीचं घुसवायला बघतात.

आज डाव मांडायचा म्हणून टेबलावरचे कागद उचलले, तर त्यांनी ते हातातून घेतले. चष्मा वर करून पहिलं पान वाचलं. मग दुसरं. मग हसायला लागले.

"साहेब, हे कुणी केलंय? कुठला कंत्राटदार?"

"का?"

"नाही, गडी माझ्या तालमीतला दिसतो. मुरुमात खडक बघा कसा धरलाय! मी पण असंच करायचो. एकदा खडक घुसला की त्याच्यामागून यंत्र घुसतं, यंत्रामागून रस्ता. वर हवा. वर भाववाढ. आणि दोन बारक्या बाबी कापून दाखवल्यात, म्हणजे माणूस प्रामाणिक वाटावा." त्यांनी कागदावर टिचकी मारली. "तुम्ही याला लाल पेनाने सोलून काढला असतात."

मी म्हटलं, डाव मांडा.

"पण एक कळत नाही," ते म्हणाले. "आम्ही फुगवायचो ते पैशासाठी. याला यात एक पैसा सुटत नाही. नफ्याची बाबच नाही. मग या माणसाला मिळणार काय?"

मी मोहरे मांडायला घेतले. पहिल्यांदाच त्यांच्याकडून हरलो, तेही प्यादं न घुसवता. जाताना दारात थांबून माझ्याकडे बघत होते. त्यांना हस्ताक्षर ओळखू आलं असणार. इतकी वर्षं माझेच शेरे वाचलेत त्यांनी. पण बोलले नाहीत. माणूस लबाड आहे, वाईट नाही.

२० फेब्रुवारी

आज हिच्याशी भांडण झालं आणि भांडणात मला सगळं कळलं. क्रमाने लिहितो, नाही तर माझाच परत विश्वास बसणार नाही.

सकाळपासून मी घुम्यासारखा बसलो होतो. फुगवलेलं बिल म्हणे! जाळीवाला खिडकीची जाळी बसवायला आला, त्याच्यावर उगाच ओरडलो. तो गेल्यावर हिने विचारलं, "ही जाळी, पंखा, चाललंय काय तुमचं?"

"खोली नीट करतोय. ठकी आणि जावई येतील तेव्हा लागेल."

"कोण येणार आहे?"

"घराचं जमत नाही म्हटल्यावर येतीलच ना. कशाला राहतील तिकडे?"

हिने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. मला वाटलं आपटेल, पण हळू ठेवलं. तेव्हाच मी घाबरलो.

"अहो, घराचं नाही जमलं तर ते आहेत तिथेच राहणार. त्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. त्यांची कामं तिथे आहेत. लिफ्ट नाही त्या इमारतीला. पोट पुढे आल्यावर ती ते जिने कसे चढणार, आणि नंतर कडेवर घेऊन..." आणि ही थांबली. तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, काय कडेवर घेऊन?

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, पाण्याच्या बाटल्या? त्यावर ही हसली आणि हसता हसता रडायला लागली. तीन महिने पुरे झाल्याशिवाय बाबांना सांगू नकोस, ते लगेच दवाखान्याच्या खर्चाचा अंदाज काढायला बसतील, असं ठकीने शपथ घालून सांगितलं होतं.

मी टेबलापाशी गेलो. नकाशा अजून तिथेच होता. आईबापांच्या खोलीला लागून छोटी खोली. दक्षिणेची खिडकी, दिवसभर ऊन यावं म्हणून. जिन्याला खाली-वर फाटक. गरम जमीन. कुणाला सांगायचं नव्हतं म्हणून नकाशावर 'साठवण' लिहिलं. आणि मी, ज्याच्या नजरेतून कडीसुद्धा सुटत नाही, मी त्या घरात कुत्रं सोडलं आणि नातवंडाला जिन्याखाली टाकलं.

मला माझी लाज वाटली. अशी लाज नोकरीत कधी वाटली नव्हती, तशी वेळच आणली नव्हती मी. हिला म्हणालो, खडक नाही गं तिथे. ही म्हणाली, "तुमच्या मनात काहीतरी अडकलंय एवढं मला दिसत होतं. खडकाचं मला काय कळतंय."

२१ फेब्रुवारी

सकाळी सातला बसलो ते जेवायच्या वेळेपर्यंत. वाढीवशेठ म्हणाले तसं लाल पेन घेतलं. खडक कापला. यंत्र कापलं, रस्ता कापला. हवेचे आठवडे तपासणीत जेवढे न्याय्य होते तेवढे ठेवले. लाकूड मूळ भावाला आणलं. छोटी खोली जागेवर आली.

मग परत एकदा त्या घरात राहून आलो. या वेळी सावकाश. जिन्यात फाटक लागलं, त्याची कडी वरच्या बाजूला हवी, म्हणजे मुलाचा हात पोचणार नाही. ती नकाशात नव्हतीच, मी घातली. वरच्या खोलीत जमिनीवर ऊन पडलं होतं. मी तिथे बराच वेळ बसलो. बसवत होतं तोवर बसलो.

बेरीज पहिल्या वेळेसारखीच आली. बसतंय.

आता फोन करायचा. काय सांगू? कॅल्क्युलेटर बिघडला होता? दराची यादी वाचताना ओळ चुकली? डोळ्यांचं कारण चालेल, वय झालं म्हणता येईल. हिला विचारलं. ही म्हणाली, "म्हणजे परत फुगवणार?" ही आता बांधकाम बरंच शिकली आहे.

२२ फेब्रुवारी

फोन केला नाही. तिकडे कामाची वेळ होती.

२३ फेब्रुवारी

फोन केला नाही. आज कारणही नव्हतं. भीती वाटते. खात्यात मी कुणाला घाबरलो नाही, मंत्र्यांच्या मेव्हण्याचं बिल कापलं होतं. पण माझ्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारी ती एकच आता उरलीय, आणि तिला मी फसवलं. प्लॉटचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार. उद्या करतोच.

२४ फेब्रुवारी

केला.

नाश्ता झाल्यावर हिने फोन लावून माझ्यापुढे ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. ठकीने उचलला. मी इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणालो, "ठकी, तो आकडा चुकीचा आहे. तिथे खडक नाही."

"माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"अहवाल मीच पाठवला ना? चारही ठिकाणी मुरूम लिहिलाय. तुम्ही तो वाचला नाही असं होणार नाही, आणि वाचून चुकलात असंही होणार नाही."

"मग त्या दिवशीच का नाही बोललीस?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला आणि ती बोलायला लागली.

"बाबा, मी शिकायला बाहेर पडले तेव्हा तुम्ही माझ्या बॅगेचं वजन करून दिलंत. नोकरी लागली तेव्हा भाडं आणि बसचा पास यांचा हिशेब मांडून दिलात. इकडे यायचं ठरलं तेव्हा सगळ्या कागदांच्या प्रती काढून, फायलीत लावून दिल्यात. पण जाऊ नकोस असं एकदाही म्हणाला नाहीत. आई रडायची, तुम्ही कुलपाच्या किल्ल्या मोजायचात. मला वाटायचं, बाबांना चालतंय. माझं जाणं त्यांना चालतंय. आणि त्या दिवशी तुमचं एस्टिमेट उघडलं. पहिल्याच ओळीत खडक. मग यंत्र, मग रस्ता. एकेक ओळ वाचत गेले आणि मला रडूच आवरेना. ह्याने विचारलं, एवढं महाग पडतंय का गं? मी म्हटलं, हो."

असं काही झालं की मी फोन हिच्याकडे देतो, तसा सरकवला. हिने दोन्ही हात मागे घेतले. "तुमचं तुम्ही बोला."

मग बोललो. "ठकी, जाऊ नकोस असं प्रत्येक वेळी वाटलं. शिकायला गेलीस तेव्हापासून. बॅगेचं वजन करताना पण तेच वाटत होतं. मला बोलता आलं नाही."

"हं," ती म्हणाली. नाक ओढलं. "छोट्या खोलीचं कळलं का?"

"कळलं. फाटकाची कडी वरून लावायची. मी घातली आहे त्यात."

ती रडत होती की हसत होती, कळेना. आई विचारतेय नीट जेवतेस ना, असं मी सांगितलं. हिने काहीच विचारलं नव्हतं. मग ठकी म्हणाली, आता खरा आकडा सांगा, लिहून घेते. मी एकेक बाब सांगत गेलो, तिने लिहून परत वाचून दाखवली. शेवटची बेरीज सांगितली.

"बसतंय की, बाबा."

"बसतंय. थोडे उरतात."

"मग बांधू?"

ठकी मला आजवर सगळं ठरवून झाल्यावर सांगत आली. असं विचारलं हे पहिल्यांदाच. मी नाही म्हटलं असतं तर तिने प्लॉट सोडला असता, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. हिने खुर्ची आणखी पुढे ओढली. उत्तर मला माहीत होतं, तरी तोंडातून निघायला वेळ लागला.

"बांध," मी म्हणालो. "जाऊ नकोस म्हटलंय ते तसंच राहू दे, ते खोडू नकोस. पण घर बांध."